न बोलण्याची सही

अन्याय कुणावर झाला ते आधी सांगतो. माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यावर. कधी झाला तेही सांगतो. १९७५ साली, ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी अकराच्या सुमारास, शिरूरच्या एका खासगी दवाखान्यात. दाजींना तिथं घेऊन जाणारा मीच होतो.

नावं लिहिणार नाही. दाजींचं नाही, माझं नाही, डॉक्टरचं नाही, दाजी ज्या कारखान्यात जातात त्याचं तर मुळीच नाही. घाबरलो म्हणून नाही. का ते पुढं कळेल.

दाजींना महिनाभर अन्न जात नव्हतं. भाकरीचा वास आला तरी मळमळायचं. डोळे पिवळे, लघवी कोऱ्या चहासारखी. कारखान्याच्या दवाखान्यानं दोन दिवस विश्रांती दिली आणि सांगितलं, बाहेरच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट आण, मग रजेचं बघू. मी तेव्हा शिरूरला एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचो. त्या दवाखान्याच्या डॉक्टरांची पॅडं आमच्याकडंच छापायला यायची, तेवढी ओळख. मी अक्काला सांगितलं, "दाजींना शिरूरला घेऊन जातो. ओळखीचा डॉक्टर हाय, नीट बघंल."

डॉक्टरांनी पापण्या ओढून पाहिल्या, उजव्या बरगडीखाली बोटं दाबली. दाजी कळवळले.

"किती घेतोस रोज?" डॉक्टरांनी विचारलं.

घेतोस का, असं नाही. किती.

"न्हाई घेत," दाजी म्हणाले.

"सगळे हेच सांगतात. राहायला कुठं?"

दाजींनी दौंडमधल्या आपल्या वस्तीचं नाव सांगितलं. डॉक्टरांनी नुसतं "हं" केलं. त्यांना हवं ते उत्तर मिळालं होतं.

"नोकरी?"

"सरकारी."

"मग काय, पगार वेळेवर. रोजचीच दिवाळी."

"डॉक्टरसाहेब, ते खरंच पीत नाहीत," मी म्हणालो.

"तुम्ही काय चोवीस तास त्याच्याबरोबर असता?"

मला तुम्ही, दाजींना तू. दाजी माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे आहेत. या सगळ्या वेळात त्यांचे दोन्ही हात टेबलावर होते. तळवे पिवळे, नखं पिवळी, पेरांच्या रेघांत तपकिरी रंग मुरलेला. पॅडवर आलेला दाजींचा हात डॉक्टरांनी पेनाच्या टोकानं बाजूला केला आणि लिहायला घेतलं. इंग्रजीत लिहिलं. मला वाचता येत होतं. अतिमद्यपानानं यकृत बिघडलं आहे. मद्य पूर्ण बंद करावं. चार आठवडे विश्रांती, त्यानंतर नेहमीच्या कामावर जाण्यास योग्य.

मी भांडायला हवं होतं. पत्रकांतून सगळ्या जगाशी भांडणारा मी, समोर गिऱ्हाईक बसलंय म्हणून गप्प राहिलो. ते कबूल करून पुढं जातो.

दाजी पुण्यापलीकडच्या एका सरकारी कारखान्यात आहेत. तिथं तोफांचे गोळे भरतात. पासष्टच्या लढाईत बाहेरच्या देशांनी शस्त्रं द्यायची थांबवली आणि दिल्लीच्या लक्षात आलं की गोळा आपल्या घरचा पाहिजे. त्यानंतरच्या भरतीत दाजी लागले. पहाटेची पॅसेंजर दौंडहून सुटते, तिच्यात ठरलेल्या डब्यात ठरलेली मंडळी असतात. रात्री आठला परत. पंच्याहत्तरपर्यंत दहा वर्षं हाच क्रम.

कामाला लागल्यावर वर्षभरात त्यांचे हात पिवळे झाले. मांडवगण फराट्याला, आमच्या गावी, ते सासुरवाडीला आले की माझी आई थट्टा करायची, "जावईबापू, हळद कवा उतरायची तुमची?"

"तुमची लेकच रोज लावतीया, मी काय करू?" दाजी म्हणायचे.

अक्का लाजून आत पळायची. आम्ही हसायचो. पुढं उशीची खोळ पिवळी झाली, कपाळावरचे केस तांबूस झाले. अक्का त्यांचे कपडे वेगळे धुवायला लागली, कारण पोरांच्या गणवेशाला रंग लागायचा. वर्षानुवर्षं आम्ही हसत राहिलो.

काय काम करता, असं मी किती वेळा विचारलं असेल. "सरकारी," एवढंच उत्तर. भरतीच्या दिवशी त्यांनी एका कागदावर सही केली होती. कारखान्यात काय असतं, काय होतं, कसं होतं, ते कुणापुढंही बोलणार नाही. बोललो तर तुरुंग. सगळेच सही करतात. बाकीचे गाडीत सुपारी कातरता कातरता कायकाय बोलतात. दाजींनी मात्र ती सही अक्षरशः पाळली. बायकोपुढं नाही, आईपुढं नाही, मेव्हण्यापुढं तर नाहीच.

आणि मेव्हणा कसला! मला जगाची काळजी होती. एकाहत्तरच्या डिसेंबरात अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागरात शिरलं तेव्हा मी मॅट्रिकला होतो. शिरूरच्या स्टँडवर फळ्यावर बातम्या लिहायचो. त्याआधीच रशियाशी करार झालेला. कोणाकडं कोणतं विमान, कोणाची तोफ किती लांब मारते, कोण कोणाला घाबरून गप्प बसेल, हे सगळं मी पाठ केलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली आणि मत बदललं. चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात वाळवंटात आपला अणुस्फोट झाला, शिरूरच्या चौकात पेढे वाटले, तेव्हा मी पत्रक काढलं: "बॉम्ब हवा की भाकर?" दोन रंगांत.

रविवारी शबनम पिशवीत गठ्ठा घालून दौंडला गेलो. दाजी नुकतेच विहारातून आले होते. दर रविवारी वस्तीतल्या विहारात वंदना तेच घ्यायचे. त्यांच्यामागून सगळी वस्ती म्हणायची. छप्पनच्या दीक्षेला ते बापाच्या खांद्यावरून नाही, स्वतःच्या पायांनी गेले होते, ते सांगताना अजून त्यांची मान ताठ होते.

त्यांनी पत्रक पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचलं. घडी घातली.

"अक्षरं झ्याक जुळवलीत, पावणं. आता येक सांगा. लढाई आली तर समोरच्यावर काय हाणायचं? ह्ये पत्रक?"

"लढाई येऊच नये म्हणून तर लिहिलंय, दाजी."

"आन् त्येंनी वाचलंच न्हाई तर?"

अक्का चुलीपाशी बसून हसत होती. मी म्हणालो, "गोळे वाढले म्हणजे देश सुरक्षित होतो, हे कुणी सांगितलं? तुम्ही एक भरला की पलीकडं दोन भरतात. ते दोन भरतात म्हणून तुम्हाला तीन भरायला लावतात. कुठं थांबायचं?"

दाजींचा चेहरा बदलला. "मी काय भरतो ह्ये तुला कुनी सांगितलं?"

चिडले की ते मला तू म्हणायचे. त्या दिवशी मला कळलं, मी हवेत बाण मारला होता आणि तो लागला होता.

आता परत पंच्याहत्तरकडं येतो. डॉक्टरांचं सर्टिफिकेट दाजींनी वस्तीतल्याच एका सोबत्याबरोबर कारखान्यात पाठवलं. सोबत्याला इंग्रजी येत नव्हतं. गाडीत त्यानं कुणाकडून तरी वाचून घेतलं. तीन दिवसांत सगळ्या वस्तीला माहीत. नळावर एक बाई अक्काला म्हणाली, "आमच्या मालकांचं पिनं निदान दिसतं तरी. तुमचं मालक गुपचूप घेत्यात व्हय?"

पुढच्या रविवारी वंदनेनंतर विहाराच्या कमिटीनं दाजींना थांबवून घेतलं. मी तिथं होतो. कमिटीतले आप्पा, सत्तरीचे, ज्यांनी दाजींना वंदना शिकवली, त्यांनी विचारलं, "सर्टिफिकेटात लिवलंय ते खरं हाय का?"

मद्य घेणार नाही, हे आमच्या पाच शीलांतलं एक. ते दर रविवारी वस्तीला म्हणायला लावणारा माणूस दाजी. त्यांनी फक्त "न्हाई" म्हणायचं होतं. मी त्यांच्याकडं बघत होतो. आप्पाही बघत होते. त्यांना "न्हाई" ऐकायचं होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

दाजींनी दोन्ही तळवे मांडीखाली सारले.

"आरं, बोल की," आप्पा म्हणाले.

"डाक्टरनं लिवलंय, आप्पा," दाजी म्हणाले. "शिकल्याला मानूस हाय."

आप्पांनी डोळे मिटले. मग वंदना दुसऱ्याकडं दिली. दाजी उठले आणि मागच्या रांगेत, चपलांच्या जवळ, जाऊन बसले. त्या दिवसापासून आजपर्यंत ते तिथंच बसतात.

रस्त्यावर मी त्यांना धरलं. "खोटं का बोललात?"

"खोटं कुठं बोललो? डाक्टरनं लिवलंय आसं म्हन्लो."

"पण तुम्ही पीत नाही!"

"न्हाई पीत, तर मग कशानं झालं, ह्ये इचारतील की न्हाई? पुढचा प्रश्न त्योच हाय, पावणं." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "पिनारा म्हनू द्यात. फितूर नको."

तिथं रस्त्यात उभं राहून मला पहिल्यांदा त्या खोलीच्या भिंती दिसल्या, जिच्यात ते दहा वर्षं राहत होते. एका बाजूला सही. दुसऱ्या बाजूला डॉक्टरचा कागद. मध्ये उभं राहायला पिणाऱ्याची जागा तेवढी रिकामी होती, आणि ते तिथं जाऊन उभे राहिले.

अक्कानं मात्र हार मानली नाही. तिनं वरवंडच्या एका म्हाताऱ्याचं नाव काढलं. हे शेतकरी आबा दर रविवारी काविळीचं पाणी उतरवायचे. पैसे घ्यायचे नाहीत. चुन्याची निवळी हातांवर चोळायची, खालच्या परातीत पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली, असा सगळ्या भागाचा विश्वास. मी पत्रकांतून असल्या गोष्टींची सालटी काढलेली. मी विरोध केला.

"तुझ्या शिकल्याल्या डाक्टरकडं न्हेऊन काय झालं?" अक्का म्हणाली. "आता माझं ऐक. न्हाई तर गप घरी बस."

मी बरोबर गेलो. आबांच्या अंगणात पंधरावीस माणसं. आबा बाजल्यावर बसून प्रत्येकाचे हात स्वतःच्या हातांनी चोळत होते. आमची पाळी आली. कुठले, कोण, हे विचारून झालं, आणि आबांनी चुन्याचं भांडं अक्काकडं सरकवलं. "बाई, तूच चोळ. मी सांगतो तसं." का, ते आम्हा तिघांनाही कळलं. इतक्या लांब आलो होतो. अक्कानं चोळायला घेतलं.

पाणी पिवळं झालं नाही. लालसर झालं. आधी गुलाबी, मग विटेसारखं. अक्काचा हात थांबला. मागची माणसं उठून बघायला आली. कुणीतरी "रगत" म्हणालं.

आबा बाजल्यावरून उतरले. त्यांनी दाजींचं मनगट पकडलं, त्यांना भान राहिलं नाही, पालथं केलं, उताणं केलं, नखं पाहिली, तळव्याला नाक लावलं.

"चाळीस वर्सं हात धुतोय मी," आबा म्हणाले. "कावीळ लाल उतरत न्हाई. ह्ये बाहेरून आत गेलंया. पाव्हणं, तुमी कशाला हात लावता?"

आज मला त्या म्हाताऱ्याचा राग येतो, भांडं सरकवल्याबद्दल. तरीही हा प्रश्न विचारणारा तो पहिला माणूस. कारखान्याच्या दवाखान्यानं विचारला नाही, शिरूरच्या पदवीधरानं विचारला नाही, आप्पांनी नाही, आणि हळदीवर हसणाऱ्या आम्हीही नाही.

"सरकारी काम हाय," दाजी म्हणाले.

"आसंल. पन ह्ये माझ्याच्यानं न्हाई उतरायचं. त्ये काम सोडा, नायतर बदलून घ्या."

एस.टी.त दाजी खिडकीपाशी बसले. अक्काला पुढं जागा मिळाली होती. वरवंड मागं पडल्यावर ते बाहेर बघत म्हणाले, "तिकडं साबन बी आसाच लाल व्हतो." आणि लगेच माझा गुडघा दाबला. "ह्ये मी बोललो न्हाई."

दहा वर्षांत त्यांच्या तोंडून कारखान्याबद्दल निघालेलं तेवढंच वाक्य.

इथून पुढं जे लिहितोय ते दाजींनी सांगितलेलं नाही. मी शिरूरच्या कॉलेजच्या वाचनालयात गेलो. माझ्या हातात एकच धागा होता, लाल होणारा साबण. जुना इंग्रजी ज्ञानकोश काढला, शेजारी डिक्शनरी ठेवली आणि तीन दुपारी बसलो. सापडलं. गोळ्यात वितळवून ओततात ती पिवळी पावडर. तिच्यानं हात पिवळे होतात, केस तांबूस होतात, ती कातडीतून आत जाते, यकृत खाते. पहिल्या महायुद्धात परदेशात बायकांनी ती भरली, त्या पिवळ्या पडल्या, कित्येक मेल्या. ती हातावर राहिली की नाही हे बघायला एक साबण असतो, त्याचा फेस लाल होतो. माणसाला वेळीच त्या कामातून काढलं तर यकृत भरून येतं. नाही काढलं तर येत नाही.

हे सगळं शिरूरच्या वाचनालयात, कुणीही कार्ड दाखवून वाचावं असं, धूळ खात पडलेलं होतं. साठ वर्षं सगळ्या जगाला माहीत होतं. मग हे गुपित राखलं कुणापासून? पलीकडच्या देशाला कळायचं काय राहिलं होतं? त्यांच्याही गोळ्यात तीच पावडर, त्यांच्याही पोरांचे हात तसेच. तोफ किती लांब मारते, गोळे किती आहेत, हे शत्रूपासून लपवा. ते मी समजू शकतो. पण ज्याचे हात आहेत त्याच्या डॉक्टरपासून हात लपवायचे, याला सुरक्षा म्हणतात? कोणाची?

मी पुस्तकातलं उतरवून घेतलं आणि दौंडला धावलो. वाटलं, आता सुटले. दाजींना वाचून दाखवलं. "बघा, गुपित नाहीच हे. छापलेलं आहे. आता डॉक्टरला सांगायला काय हरकत?"

दाजींनी शांतपणे ऐकलं. तब्येत थोडी सुधारली होती; तीन आठवडे पावडरपासून लांब होते ना.

"पुस्तकात आसंल," ते म्हणाले. "मी सांगितल्यालं नसावं."

"पण का?"

ते उठून दाराशी गेले. "पावणं, आमच्या गावात माझ्या बापाला चावडीच्या वट्यावर बसू देत न्हवते. बैठकीत काय ठरलं त्ये त्येला दुसऱ्या दिवशी वराडून सांगायचे. आपल्या मानसाला कुनी कवा गुपित सांगितलंय का? मला सांगितलं. सरकारनं. बसवून, सही घिऊन, साहेबानं हात मिळवून. शंभर मानसांत कोन बोलंल, कोन न्हाई, ह्येचा विचार करून मला त्या शेडमदी घातला. आता मी जाऊन बोलू? आन् मग म्हनू द्यात, बघा, ह्यांच्यावर इश्वास टाकला तर आसं व्हतंय?"

मला चीड आली. आजही आहे. ज्यांनी बापाला ओट्यावर बसू दिलं नाही त्यांची, आणि ज्यांनी मानाची ती भूक ओळखून माणसाला गप्प केलं त्यांचीही.

मी माझ्याकडं जे होतं ते केलं. छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत पत्रक जुळवायला घेतलं. पावडरचं नाव, शेड, साबण, शिरूरच्या डॉक्टरचा कागद, सगळं. आणीबाणी होती, पत्रकावर छापखान्याचं नाव लागतं आणि आमच्या मालकांना त्याआधीच एकदा पोलिसांनी बोलावून नेलं होतं. मालकांना न सांगता छापायचं ठरवलं. ओळी जुळवून गॅलीत, म्हणजे पत्र्याच्या तबकात, दोरीनं बांधून ठेवल्या. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून अक्काला सांगितलं. तिथंच चुकलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाजी छापखान्याच्या दारात. अंगात ताप, एस.टी.नं आलेले. मालक जेवायला गेले होते.

"कुठं हाय त्ये?"

मी गॅली दाखवली. खिळ्यांची अक्षरं उलटी असतात. ते वाकून, बोट लावून, एक ओळ लावत राहिले. बोट पावडरच्या नावावर थांबलं.

"सोड," ते म्हणाले.

"दाजी, हे छापलं तर तुम्हाला त्या शेडमधून काढतील. तुमचं यकृत..."

"ह्ये छापलं तर मला तुरुंगात टाकतील. शेडमदलं तुला कुनी सांगितलं, त्ये इचारतील. पुस्तक दावशील? साबनाचं पुस्तकात हाय. माझी शेड पुस्तकात हाय का?"

शेडचा क्रमांक मी गाडीतल्या एका सोबत्याकडून काढला होता. तो सोबतीही अडकला असता. हा विचार मी केलाच नव्हता. पत्रक लिहिणाऱ्याला वाक्य दिसतं, माणूस दिसत नाही.

दाजी स्टुलावर बसले. मी दोरी सोडली. एकेक खिळा उचलून त्याच्या त्याच्या खणात टाकायला लागलो. ते बघत होते. क च्या खणात क, काना कान्याच्या खणात. जुळवायला तीन दुपारी लागल्या होत्या, सोडायला तासभर पुरला. शेवटची ओळ गेल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मग स्वतःच काढून घेतला आणि माझा सदरा झटकला.

रजेचे चार आठवडे संपले. कारखान्याच्या दवाखान्यानं शिरूरचा कागद पाहिला, वर एक ओळ लिहिली, मद्यापासून दूर राहण्याची ताकीद दिली आहे. आणि नेहमीच्या कामावर पाठवलं. नेहमीच्या, म्हणजे त्याच शेडमध्ये. माझ्या ओळखीच्या डॉक्टरनं लिहिलेल्या त्या शब्दानं. आबांनी सांगितलं होतं तशी बदली मागितली असती तर? कारण विचारलं असतं. आणि कागदावर कारण आधीच होतं, दारू.

आता अठ्ठ्याहत्तर साल उजाडलंय. आणीबाणी उठली, सरकार बदललं, ज्यांना तुरुंगात टाकलं होतं त्यांच्या मिरवणुका निघाल्या. सहीचा कायदा तसाच आहे. नव्या तोफा घ्यायच्या की नाही, कुठल्या देशाकडून, यावर पेपरात लेख येतात. लांब मारणारी तोफ म्हणजे मोठा गोळा, मोठा गोळा म्हणजे जास्त पावडर, आणि पावडर ओततं कोण, हे एकाही लेखात नसतं. दाजी पहाटेच्या पॅसेंजरनं जातात. गेल्या महिन्यापासून डोळे पुन्हा पिवळे आहेत. भाकरी बाजूला सारतात. अक्का विचारते, ते "पित्त हाय" म्हणतात. या खेपेला डॉक्टरकडं जायलाच तयार नाहीत. "काय लिवनार त्ये म्हाईत हाय की," म्हणतात.

हे लिहिताना मी त्यांना विचारलेलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी याही ओळी सोडायला लावल्या असत्या. पण न बोलण्याची सही त्यांनी केली आहे. मी केलेली नाही. तुम्हीही केलेली नाही.

म्हणून तुमच्याकडं मागतो. मला पत्र पाठवू नका, हळहळू नका, दाजी कोण ते शोधू नका. पुणे ते दौंड या पट्ट्यात दवाखाना चालवत असाल, कंपाउंडर असाल, नर्स असाल, तर उद्या पिवळ्या डोळ्यांचा माणूस समोर बसला की त्याला किती घेतोस हे विचारायच्या आधी त्याचे हात स्वतःच्या हातात घेऊन उताणे करा. तो बोलणार नाही. त्याला बोलायला लावू नका. तळवा पिवळा दिसला तर तुम्ही लिहा, तुमच्या अक्षरात, तुमच्या सहीनं: याला या कामातून आजच काढा. आणि तुम्ही डॉक्टर नसाल, पण तुमच्या घरातला, गल्लीतला, डब्यातला कुणी तसा असेल, तर त्याला धरून दवाखान्यात न्या, आणि तेवढी ओळ लिहून घेतल्याशिवाय तिथून उठू नका. मी उठलो होतो. तुम्ही उठू नका.